चार वाजल्यानंतरचं पाणी

माझ्या सासूबाई दुपारी चारच्या चहानंतर पाणी पीत नसत. पितळी तांब्या धुऊन फळीवर पालथा घालायच्या आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळीच सुलटा व्हायचा. जबलपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना याचा अर्थ कळेल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कसलं तरी व्रत असेल. पुढे वाटलं, विक्षिप्तपणा. विचारलं मात्र कधीच नाही.

सिविल लाइंसमधलं आमचं घर म्हणजे एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग. 1956च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, नागपूरचं हायकोर्ट उठलं आणि मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं. त्या फायलींबरोबर जी कारकून मंडळी इकडे आली त्यांत माझे सासरे होते. खोल्या मोठ्या, छत उंच, पण संडास आणि न्हाणी अंगणापलीकडे. रात्री कडी काढायची, तीन पायऱ्या उतरायच्या, पेरूच्या झाडाखालून जायचं. सासूबाई रात्री चार-चार वेळा कडी काढत. मग नळाचा आवाज यायचा, बराच वेळ. सकाळी दोरीवर त्यांचं लुगडं वाळत असायचं. सोवळ्याचं वेड, असं मी माहेरी सांगत असे. एकदा, पाहुण्यांसमोर नव्हे पण त्यांच्या लेकीसमोर, मी म्हटलं होतं, “आई, जरा आधी उठत जा ना.” त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आज मी एकसष्ट वर्षांची आहे आणि सदर बाजारापर्यंतच्या वाटेवर कुठे कुठे संडास आहेत, त्यांपैकी कुठल्याला आतून कडी लागते, हे मला पाठ आहे. सुरुवात शिंकेपासून झाली. मग हसण्यापासून. आमच्या मंडळात कुणी विनोद सांगायला लागलं की मी आधी पाय दुमडून बसायचे. ते एक वेळ निभतं. त्यानंतर आलं ते वेगळंच. बाजारातून घरी येईपर्यंत काही नाही, आणि दाराच्या कुलपात किल्ली घातली रे घातली की अशी लागते, की पिशवी तिथेच टाकून धावावं. नेहमी पोचता येतंच असं नाही. मला वाटायचं हे माझंच काहीतरी. नंतर कळलं की कुलूप-किल्ली, वाहत्या नळाचा आवाज, थंड पाण्यात घातलेले हात, हे जगभरातल्या बायकांचे ठरलेले शत्रू आहेत.

मीही चारनंतर पाणी बंद केलं. तांब्या पालथा घातला नाही, एवढाच फरक. ग्वारीघाटची आरती सोडली, कारण तिथे काठावर तासभर पाण्याचा आवाज ऐकत उभं राहायचं. नागपूरच्या गाडीत कडेचीच जागा हवी म्हणून हटून बसायला लागले. यजमानांना वाटलं, वय झालं, हट्टी झाली.

अशात एक दिवस वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. बिना ऑपरेशन, बिना दवा, शॉक वेव्हने लघवीच्या तक्रारीतून मुक्ती. खाली हसणारी बाई, पांढऱ्या पँटमध्ये. (ती पांढरी पँट मला खरोखर लागली.) मी फोन केला. पलीकडच्या मुलीने वय विचारलं, पत्ता विचारला, आणि आठ बैठकांचे पैसे आगाऊ भरले तर सूट किती ते सांगितलं. मला काय होतं, केव्हा होतं, हे विचारलं नाही. खरं सांगते, त्याच गोष्टीने मी भुलले. काही न बोलता, कपडे न काढता, एका यंत्राखाली बसून हे संपणार होतं. मी पैसे काढूनही ठेवले होते.

शॉक म्हटल्यावर लोकांना वीज आठवते. मला आठवला यजमानांचा मुतखडा. नव्वदच्या दशकात नागपुरात तो असाच बाहेरून लाटा सोडून फोडला होता. या लाटेत वीज नसते. तो दाबाचा एक क्षणिक तडाखा असतो, ध्वनीच्या जातीचा. डॉर्निए नावाच्या जर्मन विमानकंपनीत, भन्नाट वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की त्याच्या अंगाचं काय होतं याचा अभ्यास चालला होता. त्यातून ही विद्या निघाली आणि 1980च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा खडा तिने फोडला. त्या वेळी रुग्णाला पाण्याने भरलेल्या टबात ठेवत, कारण पाण्यातून ही लाट शरीरात जवळजवळ न अडखळता शिरते. आपलं शरीर तिला पाण्यासारखंच वाटतं.

पुढे कुणाला तरी सुचलं की तडाखा फार सौम्य केला तर तो फोडणार नाही, उलट डिवचेल, आणि डिवचलेल्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटतील, दुरुस्ती सुरू होईल. टाचदुखीवर ते वापरलं गेलं. मग पुरुषांच्या लैंगिक दुबळेपणावर. बायकांच्या मूत्राशयाचा नंबर त्यानंतर लागला; याचं मला आश्चर्य वाटत नाही.

पैसे भरायच्या आदल्या दिवशी मी घराजवळच्याच एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, ते केवळ पत्रक खरं की खोटं हे विचारायला. त्यांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, “रात में कितनी बार उठती हैं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आकडा सांगितला आणि रडले. बाईंनी रडू दिलं.

मग त्यांनी समजावलं. शिंकेबरोबर गळतं तो एक प्रकार: ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मूत्रमार्गाचा आधार ढिला पडलेला असतो. किल्लीबरोबर येतं तो दुसरा: मूत्राशय भरण्याआधीच आवळायला लागतं. माझ्यात दोन्ही होते, पुष्कळ जणींत असतात. शॉक वेव्हबद्दल त्या म्हणाल्या, थोतांड नाही. तैवानमधल्या डॉक्टरांनी दोन्ही तक्रारींवर ती वापरून पाहिली आहे, आठवड्यातून एकदा, काही आठवडे, आणि पुष्कळ बायकांना बरं वाटलं. पण बायका थोड्या होत्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं ते काही महिनेच. शिवाय टाचदुखीसाठी दवाखान्यांतून जे यंत्र सर्रास असतं त्याची लाट बहुधा वरवर पसरणारी असते. एका बिंदूवर खोल जाणारी लाट ही निराळी चीज. पत्रकात यंत्र कोणतं ते लिहिलेलं नव्हतं. “पहले जो पक्का है वो कर लें?” त्या म्हणाल्या.

पक्कं म्हणजे आधी लघवीची तपासणी, साखरेची तपासणी, अंग उतरलंय का ते पाहणं, लघवी झाल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी. आणि तीन दिवसांची वही: किती प्यायले, केव्हा, किती बाहेर आलं, मोजून. मी स्वयंपाकघरातला खुणांचा प्लॅस्टिकचा मग त्यासाठी बहाल केला. वहीतून पहिली गोष्ट दिसली ती अशी, की मी दिवसभरात पाण्यापेक्षा चहा जास्त पीत होते. दुसरी, की चारनंतर पाणी तोडून काहीच साधत नव्हतं. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, आणि बद्धकोष्ठ झालं की त्यावर आणखी दाब. म्हणजे सासूबाई जो उपाय करत होत्या तो त्यांचा त्रास वाढवत होता, आणि वीस वर्षं त्यांना ते कुणी सांगितलं नाही.

व्यायाम अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल नावाच्या डॉक्टरने 1948 साली मांडलेला. भर सभेत वारा सरायला लागला तर आपण जे आवळतो, ते वर उचलून धरायचं, सोडायचं. निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. दिसायला काहीच नाही. मी भाजी निवडताना करते, रांगेत उभी असताना करते. आणि दुसऱ्या दुखण्यासाठी घासाघीस: लागली की लगेच पळायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात दहा. 1948! सासूबाईंना तेव्हा पहिलं मूलसुद्धा झालेलं नव्हतं.

तीन महिन्यांत शिंकेचा प्रश्न जवळजवळ मिटला. रात्रीचं उठणं चारावरून दोनावर आलं. किल्लीचं भूत अजून आहे, कमी आहे. त्यासाठी गोळी घेऊन पाहिली. तोंड इतकं कोरडं पडलं की पुन्हा वहीचीच वेळ आली. बाई म्हणतात, दुसऱ्या जातीची गोळी आहे, घोट्याजवळच्या नसेला हलका करंट देण्याचा उपाय आहे, आणि कुठे रीतसर अभ्यासात शॉक वेव्ह देत असतील तर चौकशी करू. मी नाही म्हटलेलं नाही. पत्रक कपाटात आहे. मला त्या लाटेबद्दल आजही आशा वाटते, फक्त “रात्री किती वेळा?” हे विचारल्याशिवाय जो पैसे मागतो, त्याच्या हातून मला ती नको.

गेल्या महिन्यात नागपूरला वन्संना फोन केला. त्या सदुसष्टच्या. इकडचं तिकडचं झालं, मग मी सगळं सांगून टाकलं. शिंक, किल्ली, वही, मग. मग आईंचं लुगडं आणि मी त्यांच्यादेखत जे बोलले होते तेही. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं वाटलं.

“वन्सं?”

“वहिनी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. मागे दार लोटल्याचा आवाज आला. “ते आठ वेळा म्हणालात ना, ते बसून करायचं की उभ्याने?”