जॉइंट कस्टडी

बँकेत बावीस वर्षे लोकांच्या सह्या पडताळण्यात गेल्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला आहे, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. (तिला असे म्हणायला कुणी शिकवले, याचा मात्र मी तपास करतो आहे.)

पण त्या शनिवारी संशयाला जागा होती. टीव्हीवर सिनेमा चालला होता. नायिकेकडे धावत निघालेला नायक एक पाय हवेत ठेवून मधेच थांबला आणि पडद्यावर चक्र फिरू लागले. माझा चहा पिऊन झाला, कपबशी विसळून झाली, तरी त्याचा पाय जमिनीला लागेना.

"बाबा, आपलं वाय-फाय कुणीतरी वापरतंय," चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "राउटरमध्ये लॉग-इन करून बघा ना."

राउटरच्या आत जाता येते, ही बातमी मला नवीन होती. राउटर म्हणजे दोन शिंगांचा, हिरवे दिवे मिचकावणारा डबा, एवढाच आमचा परिचय. शिवाय दिवाळीच्या साफसफाईत "दिसायला बरं दिसत नाही" म्हणून सौ.ने तो लोखंडी कपाटामागे सारला होता, त्यामुळे तोही परिचय तुटलेला. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून मी डबा बाहेर ओढला. त्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात छापलेली चिठ्ठी होती. त्यातले शून्य कुठले आणि 'ओ' कुठला, हे कळायला सौ.चा चष्मा आणि चिरंजीवांची बॅटरी लागली.

मग त्याने मला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता लिहायला लावला. मला वाटले, हे दिल्लीतले एखादे खाते असावे. पण नाही, हाच पत्ता लाखो घरांतल्या राउटरांचा असतो म्हणे! हे आकडे १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे आमच्या प्रत्येक शाखेत जशी खिडकी क्रमांक १ असते, तसेच. ज्या इमारतीत तुम्ही उभे, तिथली खिडकी उघडते.

खिडकीने नाव विचारले. नाव 'अॅडमिन'. पासवर्ड? तोही 'अॅडमिन'!

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आणि इथे किल्ली कुलपालाच अडकवलेली! मी ताबडतोब नवा पासवर्ड ठरवला. बारा अक्षरांचा, त्यात एक मोठे अक्षर, दोन आकडे आणि एक उद्गारचिन्ह. तो कागदावर लिहिला, कागद मधोमध फाडला, अर्धा माझ्या पाकिटात ठेवला आणि अर्धा सौ.च्या स्वाधीन केला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी दर मार्चअखेर पाहतो.

मग मी जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. प्रत्येकापुढे बारा आकडे-अक्षरांचा पत्ता. यादीत आठ ओळी, घरात यंत्रे सहा: चार मोबाइल, एक टीव्ही, एक लॅपटॉप. दोनचा फरक! बँकेत दोन रुपयांच्या फरकासाठी मी रात्री नऊपर्यंत बसलो आहे. ओळीपुढे 'ब्लॉक' असे बटण होते. मी दोन्ही खाती गोठवली, डबा कपाटामागे परत सारला आणि विजयी मुद्रेने जेवलो.

वेग मात्र वाढला नाही. वाढला आहे असे मी तीन दिवस म्हणत राहिलो.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो, तर आई दारातच म्हणाली, "अरे, शेजारच्या आप्पांकडे जाऊन ये जरा. दोन दिवस जेवलेले नाहीत नीट. लेकीशी काहीतरी बिनसलंय."

आप्पांची लेक मेलबर्नला असते. काकू गेल्यापासून रोज दुपारी चारला, म्हणजे तिकडे रात्र झाल्यावर, बापलेक मोबाइलवर एकमेकांचे तोंड बघतात. गेल्या शनिवारी ती म्हणाली, "बाबा, फ्लॅट विका आणि इकडे या." आप्पा जरा चढ्या आवाजात नाही म्हणाले. त्यानंतर तिचा फोन नाही, आणि आप्पांनी लावला तर लागत नाही.

"आता साधा फोन करून मीच कसं विचारू, रागावलीस का म्हणून?" आप्पा म्हणाले.

ते पलंगाशेजारी खुर्ची भिंतीला अगदी खेटून बसले होते. मला ती भिंत ओळखीची वाटली. पलीकडे आमचे कपाट. "इथे रेंज चांगली येते," त्यांनी समजावले. "दिवाळीपासून तर फारच छान. तुमच्या आईंनी २०२० च्या लॉकडाउनमध्ये पासवर्ड लिहून दिला होता, तेव्हापासून डेटा पॅक कधी घ्यावाच लागला नाही. तुम्हाला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हते. पण "हो, हो," म्हणून मी घरी धावलो. पाकिटातला अर्धा कागद काढला आणि सौ.कडे दुसरा अर्धा मागितला.

"कुठला? ज्याच्यामागे मी किराण्याची यादी लिहिली तो? दुकानदाराकडे राहिला."

उरली टाचणी. डब्याच्या पाठीला एक बारीक भोक असते, त्यात टाचणी खुपसून धरली की सगळे पहिल्यासारखे होते. झालेही. इतके पहिल्यासारखे की कंपनीने भरलेली माहितीही पुसली गेली आणि घरातले इंटरनेटच गेले. चिरंजीवांनी या वेळी मात्र मान वर काढली.

शेवटी मी माझा मोबाइल घेऊन आप्पांकडे गेलो आणि त्यावरून लेकीला व्हिडिओ कॉल लावला. मेलबर्नला मध्यरात्र होऊन गेली होती. पहिल्याच घंटेला तिने उचलला. केस विस्कटलेले, पण झोपेचे डोळे नव्हते.

"बाबा! मला वाटलं तुम्ही रागावून फोन बंद करून ठेवलात."

"छे गं," आप्पा म्हणाले, "आमचं नेट गेलं होतं."

'आमचं' म्हणाले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. नेट कुणी घालवले हे सांगायचे ठरवूनच आलो होतो, पण पाऊण तास तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. नंतर मिळाली, तेव्हा सांगितले. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "घरात पोळी आहे का हो तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी कंपनीचा पोरगा आला. "सेटिंगला कुणी हात लावला होता?" त्याने विचारले.

"बँकेत आहे तो," आई म्हणाली. पोराला तेवढे पुरले.

"आणि काका, लोखंडी कपाटामागे ठेवल्यावर सिग्नल घरात येणार कसा? सगळा शेजारी जाणार."

आता डबा कपाटाच्या डोक्यावर असतो. नायकाचे दोन्ही पाय वेळेवर जमिनीला लागतात आणि आप्पांची रेंजही शाबूत आहे. नवा पासवर्ड मी ठेवला आहे, पण तो सबंध कागदावर, आईच्या पोथीत. परवा यादी उघडून आप्पांच्या ओळीला 'आप्पा' असे नावही दिले. आठवे यंत्र कुणाचे, ते अजून कळलेले नाही. ती नोंद सध्या मी सस्पेन्स खात्यात टाकली आहे.