"पंखा फिरतोय का, बघ!"

२०२४चा मे महिना दिल्लीकर सहजासहजी विसरणार नाहीत. २९ तारखेला सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

आमची छोटी पेट्रोल गाडी तेव्हा बारा वर्षांची होती. एप्रिलपासून तिच्या एसीला एक खोड लागली होती. रस्ता मोकळा असला की छान गार हवा यायची. सिग्नलला थांबलं की तीच हवा गरम व्हायची. गॅरेजवाल्याने जाळीसमोर हात धरला आणि निदान केलं, "गॅस कम है." गॅस भरला. तीन आठवड्यांनी पुन्हा भरला. साडेतीन हजार रुपये गेले, खोड मात्र राहिली.

माझे सासरे, अप्पा, सातारा जिल्ह्यातल्या एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे मयूर विहारला असतात. पहिल्यांदा गॅस भरून आणला, त्याच संध्याकाळी ते म्हणाले होते, "अगं, पंखा फिरतोय का, बघ." त्यावर हे हसून म्हणाले, "अप्पा, ही एसटी नाही." मीही हसले. अप्पा पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

मेअखेरीस अप्पांचे डेपोतले एक जुने सहकारी दिल्लीला आले. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरले होते. हे दौऱ्यावर होते, म्हणून मीच अप्पांना घेऊन निघाले. मंडी हाऊसच्या गोल चक्राला वळसा घालून कोपर्निकस मार्गाला लागलो आणि समोरची वाहनांची रांग जागच्या जागी थांबली. सूर्य मध्यभागी आहे, असं ज्याने मांडलं, त्याच्या नावाचा हा रस्ता. त्या दुपारी सूर्य नेमका आमच्या टपावर होता.

एसी गरम फुंकू लागला. पाठोपाठ इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला.

"एसी बंद कर. काचा खाली घे आणि हीटर पूर्ण सोड," अप्पा म्हणाले.

त्या उन्हात हीटर! उन्हाने अप्पांना काही झालं की काय, असंच मला वाटलं. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी निमूट बटण फिरवलं. भट्टीसारखी हवा अंगावर आली आणि काटा थबकला. तेवढ्या वेळात गाडी कडेला, झाडाच्या सावलीत घेता आली. इंजिन बंद केलं.

मी पाण्याची बाटली घेऊन उतरले, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नकोस." मग त्यांनी आपली बाही वर सारली. कोपरापर्यंत पसरलेला भाजल्याचा जुना व्रण. "मीही असंच झाकण उघडलं होतं."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या हातात मी रोज चहाचा कप देत होते. तो व्रण कशाचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

अर्धा-पाऊण तास आम्ही सावलीत बसलो. अप्पा सांगत होते. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि पाणी उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतायचं नाही, धातूला तडा जातो. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत सोडतो.

"आणि गॅस?" मी विचारलं.

"गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची. पण गाडी धावताना गार आणि थांबल्यावर गरम, हे कसं? गॅस काय सिग्नल बघून कमी होतो?"

धावत्या गाडीत समोरून येणारा वाराच रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर थंड करतो. थांबलेल्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. "आमच्या बसचा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू की पंखा चालू. ह्याला करंट लागतो."

इंजिन निवल्यावर आम्ही ते पुन्हा सुरू केलं, एसी लावला. पंखा जागचा हलला नाही. इंजिन बंद करून अप्पांनी फ्यूजची पेटी उघडली. झाकणावर आतून नकाशा छापलेला होता. फ्यूज शाबूत होता. मग त्यांनी पंख्याचा रिले उपसला, हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असल्याची खात्री माझ्याकडून करून घेतली, कारण त्यांना ते बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि दोघांची अदलाबदल केली.

"पंख्यापासून बोटं लांब ठेव. तो कधीही सुरू होतो."

एसी लावताच 'टिक्' झालं आणि पंखा घरघरत सुटला. हवा गार होऊ लागली. हॉर्न अर्थातच मुका झाला. दिल्लीत हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय, ते मी शेवटच्या त्या थोड्याशा अंतरात जपून अनुभवलं.

सदनात दोघा मित्रांच्या गप्पा रंगल्या. अप्पा सांगत होते, "सूनबाईने गाडी दुरुस्त केली." मला खाली बघावं लागलं.

परतताना नवा रिले घेतला. अडीचशे रुपये. रात्री यांना फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग म्हणाले, "अप्पांना फोन दे."

ते काय बोलले, मी ऐकलं नाही. पण आता दर रविवारी इंजिन गार असताना आम्ही तिघं बॉनेट उघडतो, कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहतो, मग इंजिन सुरू करून एसी लावतो. आणि मी मुद्दाम विचारते, "अप्पा, पंखा फिरतोय का हो?"