फोटोतला चेहरा आपलाच असावा

माता रमाईंचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर झाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या लग्नाचा फोटो काही आपल्या भिंतीवर नाही. आपण रमाईंना पाहतो ते नंतरच्या फोटोंतून. त्यांपैकी एक राजगृहावरचा, फेब्रुवारी १९३४ चा. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि सोबत टॉबी कुत्रा. कुणी मुद्दाम हसत नाही, कुणी गोरे दिसायची धडपड करत नाही. तरी तो फोटो पाहताना घरची माणसे भेटल्यासारखे वाटते.

आमच्या आईवडिलांचा एकच जोडफोटो आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी नंदुरबारला जाऊन काढलेला. दोघेही कवायतीला उभे असल्यासारखे ताठ. कारण सरळ होते. रोल ३६ फोटोंचा, प्रत्येक फोटोला पैसे पडणार, पापणी लवली तर फोटो वाया. त्यामुळे ‘हलू नका’ हाच फोटोचा पहिला नियम होता. आज मोबाइलवर हवे तितके फोटो निघतात, वाया काहीच जात नाही. पण तो ताठपणा मात्र आपल्या अंगातून अजून गेलेला नाही.

आमचे खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव. इथे एप्रिल-मे महिन्यांत लग्ने होतात आणि पावसाळ्यात अल्बम घरोघर फिरतात. मागच्या वर्षी माझ्या भाचीचा अल्बम आला. आमची भाची सावळी, तरतरीत. अल्बममधली मुलगी पांढरीफटक! चेहरा एका रंगाचा आणि मेंदीचे हात दुसऱ्याच रंगाचे. तिच्या आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, “ही कुणाची पोर गं?” सगळे हसले. भाची हसली नाही. आत जाऊन मला म्हणाली, “मावशी, मी जशी आहे तशी चालत नव्हते का?”

या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी द्यायला हवे. रंगावरून माणसाची किंमत ठरवणे काय असते, ते आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. मग लेकीच्या लग्नात पैसे मोजून तोच हिशेब घरात का आणायचा? हा दोष एका फोटोग्राफरचा नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटोंचे रंग जुळवण्यासाठी जी नमुना-कार्डे देत असे, त्यांवर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. त्या कार्डाला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात नीट येत नसत. पुढे चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी आपल्या मालाचे रंग नीट येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा सुधारणेला जोर आला. आज यंत्रे सुधारली आहेत. आता बटण दाबून गोरे करतो तो माणूसच. म्हणून इसार देतानाच सांगावे, “रंग बदलायचा नाही.”

आता अवघडलेपणाविषयी. फोटोत हसू खोटे का दिसते? फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली लिहून ठेवले की ओठ आपण हुकमाने हलवू शकतो. पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच आकसतो. म्हणजे ‘हसा, हसा’ म्हणून ओठ हसतील, डोळे नाही. डोळे हसायला नवरी निवांत असावी लागते. ती सकाळपासून उपाशी असते, साडी टोचत असते, चपला नव्या असतात, वरून आमच्याकडचे चाळीस अंशांचे ऊन! तिला आधी दोन घास जेवू घाला, पाणी द्या. साडी-चपला आदल्या दिवशी घरात घालून वावरू द्या. आहेराच्या रांगेत खुर्ची द्या, मधून मधून बसू द्या. फोटोग्राफरला एक दिवस आधी घरी चहाला बोलवा. ओळखीच्या माणसापुढे चेहरा आपोआप सैल होतो. दहा मोबाइल समोर आले की कुठे बघावे ते कळत नाही, तेव्हा त्यांना आवरायचे काम एखाद्या मामीवर सोपवा.

उजेडाचेही पाहा. दुपारच्या उन्हात डोळे बारीक होतात, डोळ्यांखाली काळे पडते. आपण मुहूर्त पाहत नाही. मग उजेड पाहायला काय हरकत आहे? सायंकाळी पाचचा विधी ठेवला तर माणसेही सुखी आणि फोटोही. मांडवाच्या कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. निळा रंग आपला, जिव्हाळ्याचा. पण निळ्या छताखाली चेहराही निळसर येतो. म्हणून छत पांढरे घ्यावे आणि निळ्या पताका कडेने लावाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विधी थांबवू देऊ नका. त्रिसरण-पंचशील चालू असताना, वधूवर प्रतिज्ञा घेत असताना ‘इकडे बघा, हार पुन्हा घाला’ असे ओरडणे मी कितीतरी मांडवांत ऐकले आहे. प्रतिज्ञा म्हणताना मुलीचा आवाज किंचित कापतो, बाप पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीने डोळे टिपतो, नवरा शब्द चुकून ओशाळतो. खरे फोटो हेच. ते बाजूला, थोडे लांब उभे राहून गुपचूप घ्यावेत. नैसर्गिक दिसणे म्हणजे सतत हसणे नव्हे. गंभीर क्षणी गंभीर दिसलेला चेहराही सुंदरच असतो.

उद्या आपली नातवंडे हे अल्बम उघडतील आणि स्वतःचे नाक, स्वतःचा रंग त्यांत शोधतील. तो त्यांना तिथे सापडला पाहिजे. आपल्या मुलींना एवढेच सांगा, “बाळ, तू जशी आहेस तशीच उभी राहा.”