आधी वाजवा

भाच्याच्या रिसेप्शनसाठी भाड्यानं आणलेला सदरा हातात घेतला आणि गळ्यापाशी खळीचा वास आला. त्या वासानं मी हेलावलो. कॉलर बघून मात्र राग आला. विंग कॉलर, तीही लिबलिबीत, सदऱ्यालाच शिवलेली. तिची टोकं बोच्या मागे ताठ उभी राहायला हवीत. ही पुढे लवंडून बोवर पडत होती.

विंग कॉलर शोभते ती शेपटीचा कोट आणि पांढरा बो यांच्याबरोबर, आणि तीही कडक, सुटी, बटणांनी अडकवलेली. काळ्या बोला साधी दुमडलेली कॉलर हवी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डनं, डिनर जॅकेटखाली मऊ दुमडलेली कॉलर घातली आणि तो रिवाज पसरला. तरीही भाड्याचे कपडे देणारे विंग कॉलरच पुढे करतात, याचा मला मनापासून संताप आहे.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. मुंबईत धोबीतलावच्या एका गल्लीत त्यांचं शर्टांचं दुकान होतं. आजूबाजूला गोवेकरांच्या कुडी, म्हणजे सामायिक राहण्याच्या जागा, त्यामुळे गिऱ्हाइकांत वाजवणारे पुष्कळ. एका दुपारी एक ट्रंपेटवाले आले. बाबांनी गळ्याभोवती टेप धरली, आकडा पाहिला, पण वहीत लिहिला नाही. म्हणाले, "आधी वाजवा." ते गृहस्थ गोंधळले. मग पेटी उघडून त्यांनी दुकानातच वाजवायला सुरुवात केली. सूर चढला तशी मान फुगली, शिरा तटतटल्या, आणि बाबांच्या बोटांतून टेप सरकत गेली. वहीत दोन आकडे पडले: साडेपंधरा आणि सव्वासोळा. कॉलर शिवली सव्वासोळाची. व्हायोलिनवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या कॉलरीत डाव्या बाजूला बकरमचं अस्तर हलकं, कारण वाद्य तिथंच टेकतं आणि कडक कड कातडी सोलून काढते.

लांब टायची गाठ कॉलरीच्या उघड्या टोकांमधली जागा भरून काढते. बोच्या मागे कॉलरीला लपायला जागाच नसते. कॉलर फार पसरट असेल तर बोच्या दोन्ही बाजूंना मानेवरची पट्टी उघडी पडते. टोकं फार लांब असतील तर ती बोखाली कुत्र्याच्या कानांसारखी लोंबतात. बाबा टोकं आखूड ठेवायचे, मधलं अंतर बेताचं, आणि कॉलरीचा स्टँड, म्हणजे मानेभोवतीची उभी पट्टी, उंच. ट्रंपेटवाल्यांना मात्र स्टँडही उतरता. मोठ्या हॉटेलांतल्या बँडचे शर्ट त्यांच्याकडे यायचे. ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटची पार्टी सी. रामचंद्रांच्या संगीतात, 1951च्या 'अलबेला'त पडद्यावर दिसते, तेव्हा मी अजूनही गाणं सोडून त्यांचे गळे बघतो. दारूबंदीनंतर हॉटेलांतल्या रात्री आटत गेल्या, वाजवणारे सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले, आणि तिथे बो लागत नव्हता.

कॉलरीला खळ घालायची आई. भाताच्या पेजेची खळ गाळून, कॉलर भिजवून, अर्धी सुकल्यावर कोळशाच्या इस्त्रीखाली. कपड्यावर राख पडली की सगळं पुन्हा.

याच कामावर उभ्या राहिलेल्या एका शहराबद्दल मी पुढे वाचलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय हे कॉलरींचं शहर. 1827 साली हॅना माँटेग्यू नावाची बाई नवऱ्याचे सदरे धुऊन कंटाळली. मळायची ती कॉलरच, म्हणून तिनं कॉलर कापून वेगळी केली, असं तिथे सांगतात. त्यातून सुट्या कॉलरींचा मोठा धंदा उभा राहिला. त्या धुणाऱ्या, खळ घालणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायका उकळत्या पाण्याच्या वाफेत दिवसच्या दिवस उभ्या असत. 1864 साली केट मलेनी या तरुण मुलीनं त्यांची संघटना बांधली, संप केला आणि पगारवाढ घेतली. तिचं घर आज राष्ट्रीय स्मारक आहे. हे वाचलं तेव्हा मला बाबांची वही नव्हे, आईची मनगटं आठवली. त्यांवर भाजल्याचे डाग होते आणि ते नेहमीचेच म्हणून मी त्यांबद्दल कधी विचारलं नव्हतं.

आईनं केट मलेनीचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण एकदा नाताळाच्या तोंडावर, बँडच्या कॉलरींचा ढीग समोर असताना, तिनं इस्त्री खाली ठेवली. म्हणाली, "शिलाईचं बिल होतं, माझ्या कामाचं का होत नाही?" बाबा बराच वेळ गप्प होते. त्या दिवसापासून बिलावर शिलाईखाली 'खळ-इस्त्री' अशी वेगळी ओळ आली आणि ते पैसे आईच्या डब्यात जाऊ लागले. त्यातूनच तिनं पुढे विजेची इस्त्री घेतली. बाबांना त्या इस्त्रीला हात लावायचा झाला तर आईला विचारावं लागे.