रविवारची वेणीफणी

सिमल्याहून लखनौला बदली झाली, तेव्हा सामानाच्या यादीत भालूचे नाव नव्हते. भोटिया जातीचा हा दाट केसांचा कुत्रा खाली मैदानात टिकणार नाही, असे सर्वांचेच मत पडले. आश्चर्य असे की, ज्या आईने त्याला कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फिरकू दिले नाही, तीच म्हणाली, “मुक्या जिवाला इथे कुणाच्या भरवशावर टाकणार?” भालू आमच्याबरोबर आला.

पहिल्याच मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला. “त्याच्या अंगावरची ती गोधडी उतरवा,” असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला आणि तो मला पटला. न्हाव्याला बोलावून मी भालूचे सर्वांग भादरून घेतले. तो संध्याकाळपर्यंत खाटेखालून बाहेर आला नाही. पुढे आठवड्याभरात पाठ उन्हाने भाजून लाल झाली, तेव्हा पशुवैद्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. अशा कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आत मऊ लोकर, वर लांब, राठ केस. हे वरचे केस थंडीइतकेच उन्हालाही अडवतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून निवतो. तेव्हा काढायची ती आतली सुटलेली, मेलेली लोकर; ती निघाली की कातडीला वारा लागतो. भादरलेले केस परत यायला वर्षाहून अधिक काळ लागला, आणि पाठीवरचे अजूनही पूर्वीसारखे नाहीत.

तेव्हापासून रविवारची सकाळ भालूची. पण वरवर टिपणी लिहून फाइल पुढे सरकवण्याची सवय हातात भिनलेली. ब्रशही तसाच फिरे. वरून झळाळी येई आणि कानांमागे, काखेत, मांड्यांच्या आत गाठी तशाच राहत. एकदा तर गाठी न सोडवताच मी त्याला आंघोळ घातली. लोकर भिजून आवळली आणि तिची अक्षरशः घोंगडी झाली. मी ओढत होतो, भालू दात दाखवीत होता.

व्हरांड्यात जपमाळ घेऊन बसलेल्या आईला ते पाहवेना. “अरे, केस मुळाशी धर!” म्हणत ती उठली. गाठ आणि कातडी यांच्यामधले केस तिने डाव्या हाताच्या चिमटीत धरले, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही, आणि फणीच्या टोकाने गाठ शेवटाकडून थोडी थोडी मोकळी केली. मग भांग पाडावा तसे केस दुभागून ओळीओळीने मुळापासून विंचरले. वाईच्या घरी शाळेच्या वेळेआधी ती ताईची वेणी अशीच घाली. भालूने तिच्या लुगड्यावर मान टाकली. त्यानंतर तिने पुन्हा स्नान केले की नाही, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.

त्याला आता पाच वर्षे झाली. चैत्र-वैशाखात लोकर सुटू लागली की बादली भरते. पूर्वी मी ती पाखरांच्या घरट्यांसाठी कुंपणावर पसरीत असे. पण गोचिडांचे औषध लावलेले केस पिलांना घातक, हे कळल्यावर ते बंद केले. आईचे हात आता कापतात. ती नुसती सूचना देते.

गेल्या महिन्यात चेन्नईचा हुकूम आला. आई या वेळी पुण्याला ताईकडे राहीन म्हणते. मी अजून काही बोललेलो नाही. काल कानामागची गाठ सोडवताना माझी बोटे चुकली. भालू गुरगुरला, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, “मुळाशी धर रे!”