राजवाड्याच्या रांगेत सेहेचाळीस नावे

शाळेच्या सहलींविषयी काही लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही अजिंठा आणि वेरूळ बाजूला ठेवून बडोद्याची निवड केली. लेण्यांची सहल सर्वच शाळा काढतात. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची वाट मात्र आपल्या गावातूनच जाते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. चिंचपाड्याला सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की नवापूर येते. त्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत असल्यामुळे मुलांना भूगोलाचा एक तास फुकटच मिळतो. पुढे सोनगड लागते. तेथील डोंगरी किल्ला हे गायकवाड घराण्याचे आरंभीचे ठाणे. म्हणजे ज्या राजवाड्याकडे आपण निघालो, त्याच्या इतिहासाचे पहिले पान शेजारच्या तालुक्यातच उघडते.

अशा सहलीची तयारी दोन महिने आधी सुरू करावी लागते. राजवाडा सोमवारी बंद असतो. सणासुदीच्या दिवशी आधी चौकशी केल्यावाचून निघू नये. रविवारी व दिवाळीच्या सुटीत गर्दी इतकी असते की लहान मुलांना दरबार सभागृहात मोठ्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. म्हणून आम्ही मंगळवार ठरविला, आदल्या रात्री बडोद्यातील एका विहारात मुक्काम केला आणि तिकीटघर उघडण्याआधी दारात पोहोचलो. राजवाडा आणि आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय यांची तिकिटे वेगवेगळी काढावी लागली. त्यामुळे मुलांचे दोन गट केले. एक राजवाड्याच्या रांगेत उभा असताना दुसरा संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे पाहत होता, नंतर अदलाबदल. ही साधी युक्ती, पण तिने दीड तास वाचला. पैशाचा प्रश्न याहून कठीण होता. ज्या पालकांची मजुरी हंगामावर अवलंबून, त्यांच्याकडून एकरकमी सहल-शुल्क मागणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. दरमहा थोडे थोडे जमा करून घेतले. उरलेली तूट माजी विद्यार्थ्यांनी भरून काढली. त्यांच्यापैकी अनेक जण हे वाचत असतील. त्यांची नावे छापू नयेत, ही त्यांचीच अट.

या साऱ्या तयारीत आमच्या दृष्टीने महत्त्वाचा कागद एकच होता : यादी. शाळेच्या शीर्षपत्रावर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी, सेहेचाळीस विद्यार्थ्यांची पूर्ण नावे. रेल्वेच्या सवलतीसाठी ती लागतेच. पुढेही कोणी मागो न मागो, आम्ही ती हाताशी ठेवतो. वसावे, वळवी, गावित, पाडवी, अहिरे, बैसाणे अशी ही आडनावे. तिकिटाच्या खिडकीवरील गृहस्थांनी यादीवरून बोट फिरविले, डोकी मोजली, पैसे घेतले आणि तिकिटे पुढे सरकविली. त्यांनी नावे वाचलीदेखील नसतील. आम्ही मात्र त्या बोटाकडे पाहत राहिलो.

याच शहरात १९१७ साली एका तरुणाला स्वतःचे नाव नोंदवहीत लिहिता आले नव्हते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना मासिक साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन अमेरिकेस पाठविले. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून, करारानुसार ते संस्थानच्या नोकरीसाठी परतले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात दिवसाला दीड रुपया भाडे देण्याची त्यांची तयारी होती. पण वहीत पारशी नाव नोंदविण्यावाचून गत्यंतर नव्हते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. खिशात पैसे होते, पदव्या होत्या, महाराजांची नेमणूक होती. एक नाव तेवढे आड आले.

इतिहासाच्या अध्यापकास हा प्रसंग वर्गात सांगता येतो. रांगेत तो वेगळ्या रीतीने सांगावा लागतो. उन्हात पाऊण तास उभे राहिल्यावर मुले कंटाळली होती. ‘बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट’ हे वाक्य मागून-पुढून सारखे कानावर येत होते. (ते उत्तरपत्रिकेत लिहू नये, अशी ताकीद आम्ही तेथेच दिली, बांधकाम १८९० साली पूर्ण झाले, आरंभीचे वास्तुविशारद चार्ल्स मँट आणि त्यांच्या मृत्यूनंतर काम पुरे करणारे रॉबर्ट चिझम, एवढे लिहिले तरी पुरे.) तेवढ्यात पुढच्या एका प्रौढ बाईंनी आमच्या एका मुलीला कौतुकाने विचारले, “कुठली गं तुम्ही?” “चिंचपाड्याची.” “ते झालं, पण तुम्ही कोण?” मुलीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आठवी ब.” बाई हसल्या. आम्हीही हसलो, पण आमच्या हसण्याचे कारण निराळे होते.

आत दरबार सभागृहातील व्हेनिसच्या धाटणीची मोझॅकची फरशी आणि बेल्जियमच्या रंगीत काचा मुलांनी डोळे भरून पाहिल्या. कानाला लावलेल्या ऑडिओ गाईडमधील हिंदी निवेदन काहींनी अर्ध्यातच काढून ठेवले व आपापसांत मावचीत चर्चा सुरू केली. छायाचित्रे काढण्यास मनाई होती, हे एका परीने बरेच झाले. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा, शेतकऱ्याच्या घरातील गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन या गादीवर बसला, हे सांगताच एकाने विचारले, “सर, त्याला तेव्हा वाचता येत होतं का?” येत नव्हते. म्हणूनच पुढे १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आले, असे कार्यकारण जोडण्याचा मोह आम्हांस झाला; अभ्यासकाने तो आवरावा, पण आठवीच्या वर्गापुढे आम्ही तो पुरता आवरला नाही.

दुपारी चारच्या सुमारास सयाजीबागेत गेलो. १८७९ साली महाराजांनी ही बाग सर्वांसाठी खुली केली; तिलाच कमाठीबाग म्हणत. पथिकाश्रमातून निघावे लागल्यावर मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी येथेच काढला. शहरात त्यांना त्या दिवशी नाव न विचारणारी जागा हीच उरली होती. आज तिला संकल्पभूमी म्हणतात. २३ सप्टेंबरला येथे माणसांची रीघ लागते, इतर दिवशी शांतता असते. आम्हांला तिकीट लागले नाही, रांगही नव्हती. मुलांनी वडाखाली डबे सोडले. भाकरी सकाळची असल्यामुळे वातड झाली होती. ठेच्याबरोबर ती संपली.

निघताना नेहमीप्रमाणे हजेरी घेतली. या वेळी यादी आम्ही वाचली नाही. एकेकाने पुढे येऊन आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव मोठ्याने सांगायचे, असे ठरविले. सेहेचाळीस नावांना बराच वेळ लागला. बागेत फिरावयास आलेले दोघे-तिघे थांबून ऐकू लागले. सुरतेची गाडी गाठण्यासाठी शेवटी धावावे लागले.

ती यादी शाळेच्या कार्यालयात सहलींच्या फाईलमध्ये लावलेली आहे. त्या तुकडीतील ज्यांना तिची प्रत हवी असेल, त्यांनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी येताना मागून घ्यावी. शिक्का थोडा पुसट झाला आहे. नावे मात्र स्वच्छ वाचता येतात.