मॅचिंगला काय आणलंय, काका?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कापडाची दुकानं किती, हे मोजायच्या भानगडीत कोणी पडू नये. साडीला दुकान आहे, परकराला आहे, पडद्याला आहे, शाळेच्या गणवेशाला आहे, देवाच्या वस्त्रांनासुद्धा आहे. 'गोधडीचं कापड द्या' म्हटल्यावर दुकानदार दोन क्षण आपल्याकडे बघत राहणार नाही, असं एकही दुकान मला अजून भेटलेलं नाही.

गोधडीच्या नादाला मी लागलो तो निवृत्तीनंतर. जन्मभर लेजरचे चौकोन भरले, आता कापडाचे चौकोन जोडावेत, इतका साधा हिशोब होता. मोबाइलवर एका अमेरिकन बाईंचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यांच्याकडे रजईच्या कापडाची वेगळीच दुकानं असतात. 44 इंच पन्ह्याचं सुती कापड, त्याचे 18 बाय 22 इंचांचे तुकडे कापून, घडी घालून, रिबीन बांधून ठेवलेले. त्या तुकड्याला 'फॅट क्वार्टर' म्हणतात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि डोंबिवलीत फडके रोडवरच्या एका दुकानात जाऊन तसंच्या तसं विचारलं. काउंटरवरच्या मुलाने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि अदबीने म्हणाला, "काका, थ्री-फोर्थ बाजूच्या दुकानात. मोठे साइज पण आहेत त्यांच्याकडे."

घरी आमच्या सासूबाई असतात. अकोले तालुक्यातल्या. त्यांनी हयातीत किती गोधड्या शिवल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. माझा बेत ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"जावईबापू, नवं कापड फाडून गोधडी? मग जुन्याचं काय करणार?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या हिशोबाने गोधडीचं कापड दुकानातून येतच नाही, ते ट्रंकेतून येतं. धुऊन धुऊन विरलेली सुती लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी. खाली एक लुगडं, वर एक, मध्ये जे काही असेल ते, आणि कडेने धावदोरा सुरू करून फिरत फिरत मध्यावर यायचं. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतकं मऊ झालेलं की त्यातून सुई लोण्यातून जावी तशी जाते. जे घरात फुकट असतं त्याचं दुकान कोण काढणार?

अडचण अशी की आमच्या घरात ते नाही. बायकोच्या कपाटात जॉर्जेट आणि शिफॉन. सुती साड्या चार, त्यांना हात लावायची सोय नाही. माझे शर्ट टेरीकॉटचे, ते विरत नाहीत, फक्त मळकट होतात. त्यामुळे सासूबाईंच्या नाकावर टिच्चून म्हणा किंवा नाइलाजाने म्हणा, पिशवी घेऊन बाहेर पडणं भाग होतं.

आता साडीवरच्या ब्लाउजचं कापड विकणाऱ्या मॅचिंग सेंटरबद्दल जरा सविस्तर सांगतो. इतकी वर्षं मी त्या दुकानांच्या बाहेर बायकोच्या पिशव्या धरून उभा राहिलो आणि आत काय खजिना आहे हे मला कधी कळलं नाही. डोंबिवलीत पूर्वेला चिमणी गल्लीच्या आसपास फिरा, नाहीतर मानपाडा रोड धरा, दर थोड्या अंतरावर एक मॅचिंग सेंटर असतंच. जमिनीपासून छतापर्यंत भिंतभर एकरंगी कापडाच्या घड्या. टूबायटू रुबिया, पॉपलीन, केंब्रिक, अस्तर. नुसत्या लालसर रंगांना एक अख्खा कप्पा: कुंकवाचा लाल, विटकरी, डाळिंबी, मरून, राणी. व्हिडिओतल्या बाई ज्या छटांसाठी कुरिअरची वाट बघतात त्या इथे रिक्षास्टँडसमोर मिळतात.

फक्त इथे रंग मागायची पद्धत वेगळी आहे. रंग नावाने मागत नाहीत, वस्तू दाखवून मागतात.

"मॅचिंगला काय आणलंय, काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला मॅच करायचं?"

"एकमेकांना. म्हणजे ह्या रंगांचं आपापसातच करायचंय."

तिने शांतपणे सुचवलं, "काकूंना फोन लावा ना."

मी बारा रंग सांगितले, प्रत्येकी पाव मीटर. ती म्हणाली, पाव मीटरमध्ये बाहीसुद्धा निघत नाही. तोवर माझ्यामागे चार-पाच बायका साड्या घेऊन उभ्या राहिल्या होत्या आणि कात्री माझ्यापाशी अडली होती. शेवटी त्यांच्यातल्याच एक आजी पुढे सरकल्या. "अगं, दुपटी शिवणार असतील. आजोबा होणार असतील." मी आजोबा होणार नव्हतो, पण 'हो' म्हणून टाकलं. पुढचं काम झरझर झालं. मुलीने आपण होऊन फिक्या रंगांच्या घड्या काढल्या, एकीने पिवळा बदलायला लावला, दुसरीने विचारलं कितवा महिना. तेव्हापासून कुठल्याही दुकानात मी दुपट्यापासूनच सुरुवात करतो.

रंग बघायचा असेल तर घडी घेऊन दुकानाबाहेर उन्हात यायचं, हेही तिथेच शिकलो. ट्यूबलाइटखाली जो मोरपंखी दिसतो तो फुटपाथवर आल्यावर सरळ हिरवा असतो. बायका हे इतक्या सहज करतात की दुकानदारही 'कुठे चाललात' म्हणून विचारत नाहीत. मला मात्र पहिल्यांदा विचारलं.

दुसरी शिकवणी आमच्या गल्लीतल्या टेलरमामांची. मी आणलेल्या घड्या त्यांनी बोटांत चुरगाळून पाहिल्या आणि तीन बाजूला काढल्या. "हे सुती नाही." दुकानात तर 'प्युअर कॉटन' म्हणाले होते. मामांनी वाद घातला नाही, काडेपेटी काढली. कापडाचे दोन-चार धागे चिमट्यात धरून पेटवायचे. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चोळली की तिचा भुगा होतो. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, आणि टोकाला टणक मणी उरतो. मिश्र असेल तर राखेत खडा लागतो. रुबियाच्या नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात आणि घडीवर डोळ्यांनी फरक कळत नाही. आता मी वीतभर नमुना आधी आणतो, गॅलरीत जाळतो, मग बाकीचं घेतो. बायकोला ह्या गॅलरीतल्या होळ्यांबद्दल जे वाटतं ते इथे लिहीत नाही.

मग रंग. शिवण्याआधी प्रत्येक कापड वेगळं भिजवायचं, कारण सुती कापड आटतं आणि गडद रंग जातो. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायचं. मरूनने माझा रुमाल गुलाबी केला. आता रंगाच्या बाबतीत डोंबिवलीकराला कोणी घाबरवू नये. आमच्या एमआयडीसीत 2020 साली रस्ताच्या रस्ता गुलाबी झाला होता आणि तो बघायला मुख्यमंत्री आले होते. तरी मरून बाजूला ठेवला.

पन्ह्याचा हिशोब मात्र माझ्या प्रांतातला. साठ बाय नव्वद इंचांची एकेरी गोधडी धरा. शिवून पाच इंच उरणारे चौकोन म्हणजे बारा गुणिले अठरा, 216. प्रत्येक चौकोन साडेपाच इंचांचा कापायचा. छत्तीस इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये आडवे सहा आणि उभे सात, म्हणजे बेचाळीस. सगळे रंग मिळून सहा मीटर पुरतात. पाठीला मात्र दोन पन्हे जोडावे लागतात, आटणं धरून पाच मीटर. हा तक्ता मी सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "आम्ही हातरून बघायचो."

ठाण्यात माझा मुक्काम थोडक्यात आटपला. गोखले रोड आणि राममारुती रोड हे तयार कपड्यांचे रस्ते, तिथे थानावरचं कापड मागणारा मीच एकटा. स्टेशनवरून तलावपाळीच्या अंगाने जांभळी नाक्याला गेलात तर मात्र बाजार भेटतो. पाठीसाठी मांजरपाट मला तिथे मिळाला. कोरा, पिवळसर, खळ लावलेला, अंगाला बोचणारा. दोनदा धुतला की माणसात येतो. रविवारी संध्याकाळी जाऊ नये, एवढंच सांगतो.

एक गोष्ट ठाण्याच्या नावावर लिहायला हवी. ज्या गावात पोखरण रोडवर रेमंडची लोकरी कापडाची गिरणी कित्येक दशकं चालली, तिथल्या जुन्या टेलरांकडे सुटिंगच्या नमुन्यांची पुस्तकं पडलेली असतात. हंगाम बदलला की ती रद्दीत जातात. तळहाताएवढे, कातरलेल्या कडांचे, एकसारखे आयते चौकोन! एका टेलरने मला तीन पुस्तकं फुकट दिली, वर चहा पाजला. राखाडी, करडा, गडद निळा एवढंच त्यात असतं आणि सुई घालायला अंगठ्याचं कातडं जाड लागतं, पण थंडीची वाकळ त्यातून फर्मास होईल.

कल्याणात शिवाजी चौकाच्या बाजूला बरीच विचारपूस केली. एका दुकानदाराने पोक्त सल्ला दिला: "कोरं कापड स्वस्तात हवं तर भिवंडी." भिवंडी जवळ खरी, तिथे यंत्रमागांचा खडखडाट खरा, पण तिथला व्यवहार ताग्यांचा. पाच मीटर मागणाऱ्या माणसासाठी तागा कोणी सोडत नाही. तेव्हा कल्याणात बदलापूर लोकल पकडायची आणि विठ्ठलवाडी सोडून उल्हासनगरला उतरायचं.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. वस्त्यांना अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असेच आकडे आहेत. कापडासाठी गजानन मार्केट आणि जपानी बाजार. घाऊक गिऱ्हाइकांची गर्दी, हातगाड्या, गठ्ठे, आणि 'साईं' म्हणून हाक. माझ्यासारख्या किरकोळ माणसाला दुपारी, धंदा मंदावल्यावर जरा भाव मिळतो.

तिथेच मला कतरण सापडली. कारखान्यात कपडे बेतल्यावर उरतं ते. पोत्यात भरलेलं, किलोवर विकायचं. विक्रेत्याचा एकच प्रश्न: "कॉटन या मिक्स?" मी कॉटन म्हटलं आणि त्याने गाऊनच्या कारखान्यातलं एक पोतं माझ्यापुढे उपडं केलं. बारीक फुलांची छापील सुती कापडं! बायका घरात घालतात त्या गाऊनची. मऊ, धुण्याला टिकणारी, प्रत्येक तुकड्याची नक्षी वेगळी. सासूबाईंच्या लुगड्यांच्या सर्वांत जवळ जाणारं नवं कापड कुठलं असेल तर ते हेच, असं माझं मत झालंय. मॅचिंग सेंटरपेक्षाही वरचा नंबर मी ह्या पोत्याला देईन.

कतरणीला सरळ कड नसते, हा तिचा स्वभाव. गळ्याच्या चंद्रकोरी, मुंढ्याचे कोयरीसारखे तुकडे, लांब निमुळत्या पट्ट्या. माझा 216 चौकोनांचा तक्ता तिथेच गार झाला. किलोभर कतरणीतून पाच इंची चौकोन मूठभर निघाले, बाकीचं घरी आणून जमिनीवर पसरलं. सासूबाई आल्या, खाली बसल्या, आणि काही न बोलता चंद्रकोरीच्या पोटात दुसरा तुकडा बसवून ठेवला. मग तिसरा. जेवायला उठवेपर्यंत दीड हात पट्टा जमला होता.

मध्ये काय घालायचं, ह्यावर मात्र आमचं बिनसलं. मी गादीवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, गादी का उशी? दोन्ही नाही म्हटल्यावर त्याने पॉलीफिलचा गुंडाळा दाखवला, पांढराशुभ्र, फुगलेला. सासूबाईंनी तो बोटाने दाबून पाहिला. "ह्यात डोंबिवलीच्या उन्हाळ्यात कोण झोपणार?" मध्ये जुनी चादर जाईल, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

राहिली पाठ. नव्या मांजरपाटापेक्षा जुनं लुगडं बरं, ह्यावर एव्हाना माझंही मत वळलं होतं, पण लुगडी गेली कुठे? तर बोहारणीकडे. आमच्या इमारतीखाली महिन्यातून एकदा स्टीलची भांडी मांडून बसणाऱ्या बाईंकडे मी गेलो आणि त्यांच्या गाठोड्यातलं सुती नऊवारी मागितलं.

"म्हणजे तुम्ही कपडे घेणार?" त्यांनी खात्री करून घेतली.

"हो."

"आणि भांडी?"

"भांडी नकोत."

हा उलटा व्यवहार त्यांच्या धंद्यात बसेना. पैसे किती सांगायचे ते त्यांना सुचेना आणि किती म्हणायचं ते मला. शेवटी घरातले दोन पितळी डबे आणले, त्यांनी ते वाजवून पाहिले, एकाच्या झाकणाबद्दल कुरकुर केली, आणि दोन लुगडी दिली: एक हिरवं, एक जांभळं. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनी माझ्या हातातली लुगडी पाहून वाट दिली.

सासूबाईंनी दोन्ही उजेडाकडे धरून पाहिली. हिरवं पास झालं. जांभळ्याचा काठ अंगठ्याने घासला, पदर ताणून पाहिला, आणि घडी घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं.

"हे अजून चांगलं आहे, जावईबापू. विरू द्या की. चार-सहा वर्षांनी बघू."

हिरवं लुगडं ठिकठिकाणी फाटलेलं आहे. तेवढं टाळून कापलं तर पाठीला एक पन्हा पूर्ण होतो, दुसऱ्याला अडीच मीटर कमी पडतात. म्हणजे पुन्हा जांभळी नाका. रविवार सोडून.